गाढवाच्या नांगरानंतरचं पुणे : जिजाऊंनी ओसाड कसब्यात माणसं कशी वसवली

कसबा पेठ, पुणे : बाजाराला नाहीतर कोर्टकचेरीच्या कामाला पुण्यात आलेला माणूस शनिवारवाडा पाहतो, लाल महालापुढे फोटो काढतो आणि बस पकडतो. तिथून पाच मिनिटांवर कसबा गणपती आहे. आजूबाजूला कुंभारवाडा, तांबट आळी, शिंपी आळी, कागदीपुरा, नदीकडे शेख सल्ल्याचा दर्गा. आता मेट्रोचं स्थानकही झालं. मूळ पुणे गाव ते एवढंच. बाकीचं सगळं शहर नंतर त्याला चिकटलं.

हे मूळ गाव एकदा पार पुसलं गेलं होतं. ते पुन्हा वसवायचं काम ज्यांच्या डोळ्यांदेखत आणि ज्यांच्या आधाराने झालं त्या राजमाता जिजाऊ. जयंतीला भाषणं होतात, त्यात शिवबाला गोष्टी सांगणारी आई तेवढी येते. पण ओसाड पडलेल्या जमिनीवर नाना जातींची, दोन-तीन धर्मांची, हातात बैल नाही की बियाणं नाही अशी माणसं कशी बसवायची, कुणाला कुठली जमीन द्यायची, हा हिशेब त्या घराने केला. ज्या गावांत आज घरकुल मंजूर होऊन पडलंय पण बांधायला गुंठाभर जागा नाही, त्या गावांनी हा भाग नीट वाचावा.

जिजाऊंचा जन्म सिंदखेडचा, १२ जानेवारी १५९८. आजचं सिंदखेड राजा, बुलढाणा जिल्हा. वडील लखुजी जाधवराव निजामशाहीतले मोठे सरदार, आई म्हाळसाबाई. लग्न वेरूळच्या भोसल्यांच्या घरी, मालोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे यांच्याशी. माहेर मोठं, सासर चढतं. पण दोन्ही घरं तलवारीवर जगणारी आणि त्या वेळचं दख्खनचं राजकारण असं की सकाळी ज्याची चाकरी त्याचाच संध्याकाळी भरवसा नाही. जाधव आणि भोसले कधी एका बाजूला तर कधी समोरासमोर. मधल्या मध्ये या बाईची काय ओढाताण झाली असेल ते सांगायला नको.

१६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजीरावांना दरबारात बोलावून मारलं. त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही मारली गेली. माहेर असं एका दिवसात संपलं. त्या वेळी जिजाऊ गरोदर होत्या. शहाजीराजे मोहिमेवर. सुरक्षित जागा म्हणून जुन्नरच्या शिवनेरीवर त्यांना ठेवलं आणि १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजीराजांचा जन्म झाला. मोठा मुलगा संभाजी वडिलांबरोबर असे.

त्याच सुमाराची गोष्ट. पुणे परगणा ही शहाजीराजांची जहागीर. राजे विजापूरकरांच्या विरोधात गेले म्हणून आदिलशाही सरदार मुरार जगदेव पुण्यावर आला. घरं जाळली, गावकूस पाडलं. परंपरा सांगते, गावावरून गाढवाचा नांगर फिरवला, लोखंडी पहार रोवली आणि तिला फाटकं पायताण अडकवलं. अर्थ सरळ होता, इथे आता कुणी वस्ती करायची नाही.

वर लगेच दुष्काळ. १६३० ते १६३२ हा दख्खनचा भयंकर काळ. पाऊस नाही, धान्य नाही, गुरं मेली, माणसं मेली, उरली ती घाट उतरून नाहीतर परमुलखात निघून गेली. देहूच्या तुकोबांचं घर याच दुष्काळात मोडलं, पहिली बायको गेली, दुकान बसलं. देहू ते कसबा अंतर किती, तर चालत एका दिवसाचं. म्हणजे पुण्याच्या चारी बाजूंच्या गावांत काय चाललं असेल ते यावरून कळावं.

१६३६ साली मोगल आणि आदिलशाही यांचा तह झाला. निजामशाही बुडाली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले, पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली आणि त्यांना स्वतःला कर्नाटकाकडे पाठवलं गेलं. जहागीर राखायला पुण्यात आल्या त्या जिजाऊ आणि लहानगे शिवाजीराजे. मधे काही काळ मायलेक बंगळूरलाही जाऊन आले. कोंडाण्याचे सुभेदार दादोजी कोंडदेव शहाजीराजांच्या वतीने कारभार बघत. दादोजींना किती मोठं म्हणायचं यावर पुण्यात पुष्कळ भांडणं झाली, लाल महालातला त्यांचा पुतळा २०१० साली हलवला गेला. ते भांडण इथे उकरायचं कारण नाही. जहागिरीचा कारभारी कारभार करतो, पण धनी घरात बसलेला असला तर त्याची नजर सगळ्यावर असते, आणि पुण्यात धनी म्हणून जिजाऊ होत्या.

आल्या तेव्हा राहायला वाडा नव्हता. कसब्याच्या झांबरे पाटलांकडे सुरुवातीचा मुक्काम होता असं सांगतात. मग लाल महाल उभा राहिला. कसबा गणपतीचं देऊळ बांधलं, तोच पुढे पुण्याचा ग्रामदेव झाला. आणि ज्या जमिनीवर गाढवाचा नांगर फिरला होता तिथे बाळराजांच्या हाताने सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, ही आठवण पुण्याने आजवर जपली.

काहींना हा नुसता देखावा वाटेल. पण शेतकऱ्याला त्यातलं मर्म बरोबर कळतं. शापाच्या जमिनीत कुणी पेरत नाही. पळालेल्या माणसाला आधी हे दिसावं लागतं की धनी स्वतः इथे बायका-पोरांसह राहायला आलाय, रात्री पळून जाणार नाही. वाडा, देऊळ, नांगर हे त्यासाठी. खरं काम त्याच्या पुढे होतं.

जमीन कुणाची हा पहिला प्रश्न

ओसाड गाव म्हणजे मोकळी जमीन, घ्या वाटून, असं कधीच नसतं. त्या काळात गावची जमीन कसणारे दोन प्रकारचे. एक मिरासदार, म्हणजे पिढीजात हक्काचा मालक. दुसरा उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कौलावर जमीन कसणारा, त्याचा मालकी हक्क नाही. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला तरी त्याचा हक्क लगेच मरत नसे. तो किंवा त्याचा वारस परत आला की जमीन मागू शकत असे. ज्या घराण्यात कुणी उरलंच नाही ती जमीन गतकुळी. ती गावाच्या संमतीने दुसऱ्याला देता येई.

म्हणजे वसाहत करणाऱ्यापुढे पेच हा. नव्या भूमिहीन माणसाला जमीन दिली आणि चार वर्षांनी जुना मालक दारात उभा राहिला तर? जुन्यासाठी जमीन राखून ठेवली आणि तो आलाच नाही तर? पहिल्यात नवा माणूस उठवला जातो, दुसऱ्यात शिवार पडीक राहतं. धरणग्रस्तांचं पुनर्वसन ज्या गावांत झालंय तिथल्या लोकांना हा पेच वेगळा समजावून सांगायला नको. एकाची जमीन काढून दुसऱ्याला दिली की दोन पिढ्या कोर्टात जातात.

यातून वाट काढायची जी वहिवाट होती ती गोतसभेची. निवाडा एकट्या पाटलाने किंवा अंमलदाराने करायचा नाही. पाटील, कुलकर्णी, मिरासदार, बलुतेदार सगळे बसत. कसब्याच्या जागी शेटे, महाजन आणि काझीही असे. जो निर्णय झाला त्याचा महजर लिहिला जाई आणि खाली ज्याची त्याची निशाणी. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. लिहिता येत नव्हतं म्हणून कुणाला वगळत नसत. शिवेचा वाद असला तर गावच्या महाराची साक्ष मोठी मानत, कारण शीव पायाखाली असलेला माणूस तोच. जळून गेलेल्या, दप्तर नष्ट झालेल्या गावात दुसरा नकाशा कुठून आणणार?

जिजाऊंच्या नावाची निवाड्यांची, वतनांची, इनामाची पत्रं आहेत. त्यावरून एवढं नक्की दिसतं की तंटा घेऊन लोक त्यांच्यापर्यंत येत होते. तंटा धनिणीपर्यंत पोचतो ही गोष्ट लहान नाही. आज सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला माणूस किती टेबलं फिरतो ते मोजून बघा.

कौल, इस्तावा आणि बैलाची जोडी

पळालेल्यांना आणि नव्यांना बोलावलं ते कौल देऊन. कौल म्हणजे धन्याचा लेखी शब्द, या, वस्ती करा, अमुक वर्षं अमुकच सारा घेऊ, त्रास देणार नाही. पडीक जमिनीचा सारा पहिल्या वर्षी अगदी नावाला, मग दरवर्षी थोडा थोडा चढता, काही वर्षांनी पूर्ण. याला इस्तावा म्हणत. पडीक रान मोडणाऱ्याला ठाऊक असतं की पहिलं वर्ष नुसतं हराळी काढण्यात आणि दगड वेचण्यात जातं. पहिल्याच वर्षी पूर्ण सारा मागितला तर तो माणूस रात्रीतून पसार होणार. मलिक अंबराने निजामशाहीत जमिनीची जी पद्धत बसवली होती तिचाच पाया पुण्याच्या जहागिरीत घेतला गेला. मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला. त्याची चांगली पद्धत घ्यायला कुणाला कमीपणा वाटला नाही.

बारा मावळं म्हणजे आजचे मावळ, मुळशी, भोर, वेल्हे म्हणजे आताचा राजगड, हेच तालुके. पवन मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरं. डोंगर, झाडी, भाताची खाचरं आणि लांडगे. लांडगा मारून आणेल त्याला इनाम, असं बखरीत येतं. ऐकायला गंमत वाटते, पण शेळी आणि वासरू वाचलं तरच नवं बिऱ्हाड टिकणार होतं. इथले देशमुख आपापल्या खोऱ्यात राजेच होते. रयतेकडून वाट्टेल तेवढं उकळायचं, एकमेकांच्या शिवा खायच्या. काही समजुतीने आले, काहींवर हत्यार चालवावं लागलं, बांदलांशी झगडा झाला. जेध्यांसारखी घराणी मात्र पुढे स्वराज्याला जन्मभर चिकटून राहिली.

या वसाहतीत कोण आलं? कुणबी आले, कोळी आले, रामोशी आले, महार-मांग आले, बागवान, मोमीन आले, कुंभार, कासार, साळी, माळी, ब्राह्मण आले. कसब्याला लागून पुढे पेठा वाढल्या. सोमवारचं जुनं नाव शहापूर, रविवारचं मलकापूर, शनिवारचं मुर्तजाबाद. नावंच सांगतात की गाव एकाच रंगाचं नव्हतं. आताच्या टोलनाक्यामुळे सगळ्यांना माहीत असलेलं खेड-शिवापूर, तिथलं शिवापूरही याच काळात वसवलेलं. आमराई लावली गेली.

इथे एक गोष्ट सरळ लिहिली पाहिजे. आजच्या मापाने ही वाटणी समान नव्हती. महार-मांगांची वस्ती वेशीबाहेरच राहिली. त्यांना जी जमीन होती ती हाडोळ्यासारखी, गावकीच्या चाकरीच्या बदल्यात, आणि ती चाकरी पुढे पिढ्यान्‌पिढ्यांची बेडी झाली. ती तोडायला बाबासाहेबांना आयुष्य घालवावं लागलं आणि महार वतन रद्द करायचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. बाईच्या नावावर शेत असा तर विचारच नव्हता, जहागिरीची धनीण बाई असूनही. जिजाऊंच्या कारभाराने जातीची उतरंड मोडली असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. केलं ते इतकं की त्या उतरंडीत ज्याचा जो हक्क होता तो बळकटाला खाऊ दिला नाही, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला जमिनीवर उभं राहायला साधन दिलं. त्या बेबंदीत तेवढंही दुसरीकडे होत नव्हतं.

बळकटाला आवर घातल्याचा दाखला भोर तालुक्यातल्या रांझ्याचा. तिथल्या पाटलाने बाईच्या बाबतीत बदअंमल केला. चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला आणि पाटलाचे हात-पाय तोडले. जानेवारी १६४६ चं पत्र आहे. राजे तेव्हा सोळा वर्षांचेही नव्हते, मायलेक पुण्यात एकत्र होते. शिक्षा सगळ्यांच्या तोंडी आहे. पुढचा भाग कुणी सांगत नाही. पाटलाची पाटीलकी मर्जीतल्या माणसाला दिली नाही. त्याच गुजर भाऊबंदातल्या एकाकडे ती गेली आणि अपंग झालेल्या पाटलाला सांभाळायचं कामही त्याच्यावर आलं. गुन्हा एकाचा म्हणून घराण्याचा हक्क बुडवला नाही.

पोरगा हे सगळं बघत मोठा झाला. त्याचा परिणाम पुढच्या कागदांत दिसतो. सभासदाने राजांच्या कारभाराची रीत लिहून ठेवली आहे. जमीन काठीने मोजायची, काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर. म्हणजे सगळ्यांना एकच माप, पाटलाच्या शेताला वेगळं आणि उपऱ्याच्या शेताला वेगळं नाही. पिकाचे पाच वाटे, तीन रयतेला, दोन सरकारात. नवी रयत येईल तिला गुरंढोरं द्यायची, बियाणं द्यायचं, खायला दाणा द्यायचा आणि तो पैसा दोन-चार वर्षांनी, त्याची ताकद बघून वसूल करायचा. पीर आणि मशिदींची दिवाबत्ती, नैवेद्य जागा बघून पूर्वीप्रमाणे चालवायचा, हेही त्यातच आहे.

आणखी ठसठशीत कागद सप्टेंबर १६७६ चा, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना गेलेला. राजांनी त्यात बजावलंय की गावोगाव फिरा, कुणब्यांना गोळा करा, कुणाकडे किती माणूसबळ आहे ते बघा आणि त्याला झेपेल तेवढी जमीन द्या. माणसं आहेत पण बैल नाहीत, त्याला बैलासाठी रोख पैसा द्या. पोटाला नाही, त्याला धान्य द्या. परत घेताना व्याज लावू नका, हळूहळू घ्या. जिजाऊ तोवर गेल्या होत्या. पण हा हुकूम दरबारात बसून सुचणारा नव्हे. ज्याने लहानपणी कसब्यात बिनबैलाची माणसं येताना पाहिली त्यालाच हे सुचावं. नुसता जमिनीचा तुकडा दिल्याने भूमिहीन माणूस शेतकरी होत नाही, वर्षभरात तो सावकाराच्या दारात जातो आणि जमीन दुसऱ्याच्या घरात. पट्टे वाटून मोकळं होणाऱ्या सरकारांना हे साडेतीनशे वर्षांनंतरही उमगलेलं नाही, गायरानावर घर बांधून बसलेल्याला नोटीस तेवढी वेळेवर जाते.

पुण्यातली घडी बसली तसं राजांचं लक्ष किल्ल्यांकडे गेलं. राजगड बांधला गेला, बिऱ्हाड तिकडे हललं. दादोजी १६४७ च्या सुमारास वारले. मोठा मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला. १६६४ साली शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या तेव्हा राजांनी त्यांना परोपरीने अडवलं.

वसवलेलं पुणेही सुखाने राहिलं नाही. १६६० साली शायिस्ताखान मोठी फौज घेऊन आला आणि ज्या लाल महालातून कारभार चालला त्याच वाड्यात ठाण मांडून बसला. तीन वर्षं त्या फौजेच्या घोड्यांनी शिवारं चरली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री राजांनी महालात शिरून त्याची बोटं छाटली तेव्हा कुठे तो हलला. दोनच वर्षांनी मिर्झाराजे जयसिंग. त्यांच्या सरदारांनी राजगड, सिंहगडाच्या पायथ्याची गावं जाळली. म्हणजे पुन्हा पळापळ, पुन्हा कौल, पुन्हा बैल आणि बियाणं. वसाहत एकदा करून संपणारं काम नव्हतं.

त्यातही मधे एक सुखाचा दिवस आला. जानेवारी १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी महाबळेश्वराला राजांनी आईची सोन्याने तुला केली, सोबत वृद्ध सोनोपंत डबीरांचीही, आणि ते सोनं दान केलं. पुढच्याच वर्षी राजे आग्र्यात अडकले. कित्येक महिने राज्याला राजा नव्हता, साठी ओलांडलेल्या जिजाऊंच्या नजरेखाली कारभाऱ्यांनी राज्य राखलं आणि एक किल्ला त्या काळात गेला नाही.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. आईने तो पाहिला. गडावरचा वारा आणि थंडी सोसत नाही म्हणून राजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडला वाडा बांधला होता. शेजारी बाजार वसवला होता. बाजाराच्या माणसांना पाणी भरताना पाहता यावं, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून त्या विहिरीपाशी तक्क्याला टेकून बसत, असं पाचाडचे लोक सांगतात. तिला तक्क्याची विहीर म्हणतात. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाडच्या वाड्यात त्यांनी प्राण सोडला.

कसब्यातला मूळ लाल महाल काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज दिसतो तो महापालिकेने बांधलेला. पाचाडला वाड्याची जोती आणि ती विहीर अजून आहे, समाधी गावातच आहे. रायगडाच्या रोपवेकडे जाणाऱ्या गाड्या पाचाडवरूनच पुढे जातात.